लहान जेटच्या ब्रेकची एडी: या चुका टाळा

"एडी क्लोज झाली ना? मग झालं!" हे वाक्य हँगरमध्ये ऐकलं की माझं डोकं उठतं. एडी, म्हणजे एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, हा विमानातला धोकादायक दोष दूर करण्याचा सक्तीचा सरकारी आदेश असतो; सही करून मिटवायचा कागद नव्हे.

अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था एफएएने २०१७ मध्ये होंडाजेट एचए-४२० साठी काढलेली एडी वाचा. पॉवर ब्रेक व्हॉल्व्ह (ब्रेकला जाणारा हायड्रॉलिक दाब नियंत्रित करणारा भाग) सदोष असला की एका बाजूचा ब्रेक जास्त लागायचा, दुसऱ्या बाजूचा कमी, आणि कॉकपिटमध्ये त्याची कसलीच सूचना मिळत नव्हती. म्हणून फ्लाइट मॅन्युअलमध्ये तात्पुरती सुधारणा घालणं आणि सदोष व्हॉल्व्ह बदलणं, दोन्ही सक्तीचं झालं. नवशिके व्हॉल्व्हवर तुटून पडतात. मॅन्युअलची पानं मात्र पाकिटातच राहतात, आणि पायलटला पत्ताच नसतो.

पण सगळ्यात घातक चूक म्हणजे बाद झालेला पार्ट परत बसवणं. एका ऑपरेटरच्या जेटवर ब्रेक व्हॉल्व्हची एडी रीतसर पूर्ण झाली होती, लॉगबुकही चोख होतं. पुढे त्या व्हॉल्व्हला गळती लागली. सकाळी चार्टर होता, म्हणून रात्रीच स्टोअरमधला स्पेअर काढून लावला. कागदपत्रं माझ्यासमोर आली तेव्हा सर्व्हिसेबल टॅगवर (पार्ट वापरण्याजोगा असल्याच्या चिठ्ठीवर) पार्ट नंबरच्या शेवटी डॅश वन दिसलं. एडीला डॅश थ्री हवा होता. म्हणजे जो व्हॉल्व्ह काढून टाकायचा, तोच पुन्हा विमानात! उड्डाण थांबवलं. मालकाने फोनवर खूप आरडाओरडा केला, करू दे. एडी न पाळता केलेलं प्रत्येक उड्डाण एफएएच्या पार्ट ३९ नुसार वेगळा नियमभंग ठरतं, आणि आपली भारतातली नियामक संस्था डीजीसीएही एडी पाळणं सक्तीचंच मानते.

माझी सवय अशी: एडी आली की आधी स्टोअर गाठायचं, विमान नंतर. बाद पार्ट नंबरचे सगळे नग लाल टॅग लावून क्वारंटाइनमध्ये टाकायचे.

एडीत सर्व्हिस बुलेटिनची (उत्पादक कंपनीच्या दुरुस्ती-सूचनापत्राची) कोणती रिव्हिजन सांगितली आहे, ते तपासा. हाताशी असलेली जुनी प्रिंट चालत नाही.

व्हॉल्व्ह बदलल्यावर ब्लीडिंगमध्ये, म्हणजे ब्रेकच्या फ्लुइडमधली हवा काढण्यात, घाई करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. चार बुडबुडे निघाले की "बास" म्हणतात. पारदर्शक नळीतून सलग, बिनबुडबुड्याचं फ्लुइड येईपर्यंत थांबा. नंतर मी चहाला जातो आणि परत येऊन दोन्ही पेडल पुन्हा दाबून बघतो. एक जरी मऊ लागलं तरी पहिल्यापासून सुरुवात. मग हळू टॅक्सी करून विमान एका बाजूला ओढतंय का, ते पायलटकडून बघून घेतो.

लाल मिनरल हायड्रॉलिक फ्लुइडच्या सिस्टिममध्ये जांभळं स्कायड्रॉल (वेगळ्या प्रकारचं हायड्रॉलिक फ्लुइड) ओतलं, तर सील फुगून खराब होतात. वेअर पिन (ब्रेक किती झिजला ते दाखवणारी पिन) मोजताना ब्रेक लावलेला हवा, नाहीतर माप खोटं येतं. आणि तापलेल्या चाकाकडे टायरच्या समोरून किंवा मागून जा, बाजूने कधीच नाही.