म्युनिकहून गाडीने चार देश: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी बारा रात्रींची आखणी

नकाशावर टिंबं टाकायच्या आधी रात्री मोजा, कारण व्हिसा कुठल्या देशाचा काढायचा हे त्यावरच ठरतं. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, अर्ज करायचा तो सगळ्यात जास्त मुक्काम असलेल्या देशाकडे, आणि मुक्काम सारखेच असतील तर जिथे पहिल्यांदा प्रवेश करणार तिथे. विमान म्युनिकला उतरतं म्हणून सरळ जर्मनीचा अर्ज भरला जातो आणि तिथेच घोळ होतो. खालच्या आखणीत जर्मनीत 3, ऑस्ट्रियात 2, इटलीत 5 आणि स्लोव्हेनियात 2 रात्री आहेत, म्हणजे अर्ज इटलीकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो करता येतो. विमा किमान 30,000 युरोंचा हवा.

गाडी जिथून घ्याल तिथेच परत करा. एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली तर वेगळं शुल्क लागतं आणि ते बरेचदा भाड्याच्या बरोबरीला जातं. म्हणून वर्तुळ असं (आकडे रात्रींचे): म्युनिक 1, फ्युसेन 1, ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक 1, इटलीतले डोलोमाइट्स डोंगर 3, व्हेनिसशेजारचं मेस्त्रे 2, स्लोव्हेनियातलं ब्लेड 2, ऑस्ट्रियातलं साल्झबर्ग 1 आणि शेवटी पुन्हा म्युनिक 1. एकूण जेमतेम बाराशे किलोमीटर. ठाण्याहून पुण्याला जाण्याइतकं अंतर एका दिवसात पुरे. मॅप दोन तास म्हणाला तर तीन धरा.

शाळेच्या सुट्टीचं गणित आधी बघा. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या उत्तरार्धापर्यंत डोलोमाइट्समधल्या बहुतेक केबल कार बंद असतात. स्कीचा हंगाम संपलेला असतो, उन्हाळ्याचा सुरू व्हायचा असतो. नोव्हेंबरात पुन्हा तेच, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीतही पंचाईत होते. मुलं बरोबर असतील तर जूनचा पहिला आठवडा धरा. नसतील तर सप्टेंबर उत्तम.

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आपल्या पत्त्याच्या आरटीओतून मिळतं, ठाण्याला एमएच-04 आणि नवी मुंबईला एमएच-43. सारथी पोर्टलवर अर्ज, फॉर्म 4ए, पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाच्या प्रती, फी 1000 रुपये. मुदत एक वर्ष. मूळ लायसन्सही बरोबर लागतं, नुसत्या परमिटवर गाडी मिळत नाही. आपल्याकडे लायसन्सवर वडिलांचं नाव मधे असतं आणि क्रेडिट कार्डावर नसतं, ते एकदा ताडून पाहा. डिपॉझिट चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवलं जातं. फॉरेक्स कार्डावर भिस्त ठेवलीत तर काउंटरवरच अडकाल. बुकिंग करताना चारही देशांची नावं लिहून परवानगी घ्या आणि ऑटोमॅटिक हवी असेल तर तसं स्पष्ट निवडा, कारण तिथे मॅन्युअल गाड्या भरपूर असतात. दीडशे सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलासाठी सीट मागून घ्या.

टोलचं प्रत्येक देशाचं तंत्र वेगळं, फास्टॅगसारखी एकच सोय चारही ठिकाणी चालत नाही. जर्मनीत कारला टोल नाही. ऑस्ट्रियाचं दहा दिवसांचं विनेट, म्हणजे महामार्गांचा मुदतीचा पास, सहलीच्या तिसऱ्या दिवसापासून घ्या, म्हणजे बाराव्या दिवशी म्युनिकला परतेपर्यंत बरोबर पुरतं. ब्रेनर घाटाचा महामार्ग, टाउर्न आणि कारावांकेन हे बोगदे यांचा टोल मात्र त्यावर वेगळा. स्लोव्हेनियात सात दिवसांचं ई-विनेट लागतं आणि ते नंबर प्लेटशी जोडलेलं असतं, म्हणून गाडी हातात आल्यावरच घ्या. इटलीत नाक्यावर तिकीट घेऊन बाहेर पडताना पैसे भरायचे. टेलिपास म्हणजे तिथला फास्टॅग, त्याच्या पिवळ्या लेनमध्ये शिरू नका.

सगळ्यात जास्त दंड बसतो तो इटलीच्या जुन्या शहरभागात. लाल कडेची पांढरी गोल पाटी आणि त्याखाली झेडटीएल (मर्यादित वाहतुकीचा भाग) ही अक्षरं दिसली की आत जायचं नाही. शेजारच्या इलेक्ट्रॉनिक फलकावर ‘वार्को आत्तिवो’ असेल तर कॅमेरा चालू आहे. मधे ‘नॉन’ असेल तरच वाट मोकळी. मॅप तुम्हाला बिनदिक्कत आत नेतो. हॉटेल अशा भागात असेल तर गाडीचा नंबर आधी कळवा आणि त्यांनी नोंदवला का ते विचारा. व्हेनिससाठी गाडी मेस्त्रेला लावून ट्रेनने जाणं सोपं.

पंपावर वास किंवा रंगावर जाऊ नका, नोझलजवळचा शिक्का बघा. गोलात ई5 किंवा ई10 म्हणजे पेट्रोल, चौकोनात बी7 म्हणजे डिझेल. इटलीत डिझेलला ‘गाझोलिओ’ म्हणतात. चुकीचं भरलं गेलं तर इंजिन सुरू न करता भाड्याच्या कंपनीला फोन करा.

पहिले वीस मिनिटं पार्किंगमध्येच घालवा. इंडिकेटर डाव्या हाताला असतो, त्यामुळे वळताना वायपर सुरू होतात. घोडबंदर रोडची डावीकडून पुढे काढायची सवय उलटी करून उजवीकडून न्याल तर ऑटोबानवर, म्हणजे जर्मनीच्या महामार्गावर, दंड. ओव्हरटेक डावीकडूनच, आणि झाला की लगेच उजव्या लेनमध्ये. ट्रॅफिक थांबला तर डाव्या लेनने डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकायचं, मधली वाट रुग्णवाहिकेला. जर्मनी आणि ऑस्ट्रियात हा कायदा आहे.

डोलोमाइट्समध्ये तीन रात्री मुद्दाम ठेवल्या आहेत, त्या कापू नका. आल्पे दी सिउझीच्या पठाराचा रस्ता सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच खासगी गाड्यांना बंद असतो, म्हणून ओर्तिसेई गावाहून केबल कारने वर जा. सेल्ला घाट 2200 मीटरच्या वर आहे. उतरताना लो गिअर ठेवा, ब्रेकवर पाय दाबून उतरलात तर ब्रेक तापून हात देत नाहीत.

मेस्त्रे ते ब्लेड हा सगळ्यात लांबचा दिवस, पण वाटेतच पोस्टोयना गुहा आहे. आत छोट्या ट्रेनने जातात, फेरी सुमारे दीड तासाची. तापमान वर्षभर 10 अंशांच्या आसपास, म्हणून जूनमध्येही जॅकेट हवं. बॅगा डिकीत टाका, सीटवर काहीही दिसायला नको.

रविवारी जर्मनी-ऑस्ट्रियात दुकानं बंद असतात, खाणंपिणं शनिवारी घ्या. जुलै-ऑगस्टच्या शनिवारी ब्रेनर आणि टाउर्न टाळा.

म्युनिकला टाकी भरून पावती ठेवा, गाडीचे चारही बाजूंचे आणि मीटरचे फोटो काढा. ते वर्षभर पुसू नका, कारण इटलीतला दंड परदेशी पत्त्यावर 360 दिवसांपर्यंत येऊ शकतो.