अभिप्राय आल्यावर कथा कशी दुरुस्त करावी

कथा लिहून झाली आहे, तीन-चार विश्वासातल्या माणसांनी ती वाचली आहे आणि त्यांचे अभिप्राय तुमच्या हातात आहेत, असं धरून पुढचं लिहिते. आठवडाभर कथेला हात लावू नका आणि अभिप्राय देणाऱ्याशी वाद घालू नका. तयारी एवढीच.

खरी अडचण नंतर सुरू होते आणि नेमके तिथेच मिळणारे सल्ले फार वाईट असतात. 'तिघांनी एकच गोष्ट सांगितली तर बदला, एकट्याने सांगितली तर सोडून द्या.' 'शेवटी आपल्या मनाचं ऐका.' 'जो परिच्छेद सगळ्यात आवडतो तोच कापा.' हे तिन्ही मी पाळून पाहिले आहेत. पहिल्या सल्ल्यापायी एक कथा हातची घालवली. तिघांना पात्र अपुरं वाटलं म्हणून ते वाढवलं, तिघांनाच भाषा जड वाटली म्हणून ती सोपी केली, तिघांच्याच सांगण्यावरून शेवट बदलला. ती कथा साभार परत आली आणि मी पुन्हा वाचली तेव्हा संपादकांचा निर्णय बरोबर होता हे मला दिसलं. कथा मतदानाने दुरुस्त होत नाही.

आधी सोपं काम उरकून टाका. शुद्धलेखन, पात्राचं बदललेलं नाव, मंगळवारनंतर थेट आलेला गुरुवार, हे सगळं एका बैठकीत. वस्तुस्थितीची चूक कुणी दाखवली असेल तर मान्य करा आणि सुधारा. मात्र ती सुधारण्याआधी तिच्याकडे एकदा नीट बघा. का, ते पुढे येईल.

मग कथेची एकच छापील प्रत घ्या, दोन ओळींत भरपूर जागा सोडून. सगळ्यांचे अभिप्राय त्याच प्रतीवर, ज्या वाक्यापाशी ते लागू होतात तिथे समासात लिहा. 'मला कंटाळा आला' असं कुणी मोघम म्हटलं असेल तर फोन करून विचारा: कुठल्या पानावर? मोबाइल कुठे बाजूला ठेवलास? वाचक कुठे अडखळला ती जागा तुम्हाला हवी आहे. त्याने सुचवलेला उपाय वेगळ्या शाईने लिहा किंवा लिहूच नका. अडखळल्याची जागा वाचकाला नक्की माहीत असते, कारण अडखळला तो स्वतः. उपाय मात्र तो त्याच्या मनातल्या कथेसाठी सुचवत असतो.

आता अवघड टप्पा. इथे मी दोन वर्षं अडकले होते, म्हणून सविस्तर सांगते.

माझी कथा एका निवृत्त एसटी कंडक्टरची होती. तिकिटांची मशिनं येण्याआधीचा काळ, छापील तिकिटांचा ट्रे आणि तिकिटाला भोक पाडायचा पंच. सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या पाठीमागे बाकी रक्कम लिहून द्यायचा आणि उतरताना आठवणीने मागायची जबाबदारी प्रवाशाची. माझ्या कथेत एक बाई साडेतीन रुपये न घेताच उतरून जाते. बावीस वर्षांनी ती म्हातारी ते तिकीट घेऊन कंडक्टरच्या दारात येते. पाठीमागे त्याच्याच अक्षरात लिहिलेलं: बाकी ३.५०.

चौघांनी वाचली. मैत्रीण म्हणाली, सुरुवात लांबली आहे. दुसरीला म्हातारी खरी वाटेना, एवढ्याशा पैशांसाठी कोण येतं? शेवटावर तर दोघांची मतं थेट उलटी: एक म्हणे, तिने पैसे घेतले की नाही ते कळत नाही, स्पष्ट कर, दुसरा म्हणे, शेवट फार उघड झाला आहे, शेवटचा परिच्छेद काढून टाक. चौथे शेजारचे काका, स्वतः कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी कथेबद्दल चांगलं-वाईट काहीच म्हटलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "ड्युटी संपल्यावर वेबिलात तिकिटांचा हिशेब भरून डेपोत रोकड जुळवायची असते. मग ते साडेतीन रुपये त्या रात्री गेले कुठे?"

मी तो प्रश्न वस्तुस्थितीच्या चुकांत टाकला. 'रोकड भरली' असं अर्धं वाक्य घुसवून मोकळी झाले. ही माझी सर्वांत मोठी चूक. पुढचे कित्येक महिने मी सुरुवात कापत राहिले, म्हातारीला कारणं देत राहिले, शेवटाचे सहा खर्डे केले. प्रत्येक खर्डा आधीच्यापेक्षा नीटनेटका होता आणि एकही जिवंत नव्हता.

उत्तर काकांच्या प्रश्नातच होतं. ते पैसे गेले कुठे हे मलाच माहीत नव्हतं. त्याने ते हिशेबात दाखवले की खिशात टाकले? खिशात टाकले असतील तर ही भल्या माणसाची कथा राहत नाही, बावीस वर्षं एक बारीकसं खोटं सांभाळलेल्या माणसाची होते. हे ठरवल्याबरोबर समासातल्या बाकीच्या खुणा एका ओळीत आल्या. सुरुवात लांबलेली वाटत होती, कारण त्या माणसाला काही लपवायचंच नव्हतं. म्हातारी खोटी वाटत होती, कारण तिच्या येण्याने त्याचं काहीच बिघडत नव्हतं. शेवटाबद्दलचे दोघंही बरोबर होते: मी कृती लपवली होती आणि भावना सांगून टाकली होती.

तेव्हा समासातल्या खुणा झाल्या की त्यातली एकही दुरुस्त न करता आधी हे करा. अडखळण्याची प्रत्येक जागा घ्या आणि तिथून मागे वाचत जा. पान, दोन पानं, कधी पार पहिल्या परिच्छेदापर्यंत. वाचकाला इथे पोचेपर्यंत काय माहीत असायला हवं होतं, हे प्रत्येक जागेसमोर एका वाक्यात लिहा. माझ्या प्रतीवर तीन वेगवेगळ्या पानांवर तेच वाक्य आलं असतं: 'पैशाचं काय झालं.' दोन-तीन जागांसमोर सारखंच वाक्य आलं तर दुरुस्ती तिथे करायची, खुणेच्या जागी नव्हे. परस्परविरोधी अभिप्रायांना घाबरू नका, ते फार उपयोगी असतात. दोन चांगले वाचक एकाच जागी विरुद्ध दिशांना ओढत असतील तर ती जागा दुखरी आहे यावर दोघांचं एकमत आहे.

असंही होतं की सल्ला उत्तम असतो, पण दुसऱ्याच कथेसाठी. मैत्रिणीने कंडक्टरच्या बायकोला आवाज द्यायला सांगितलं. तिचं म्हणणं खरं होतं, बायको अंधूक होती. पण तिला आवाज दिला असता तर ती त्या रात्रीबद्दल बोलली असती आणि नवऱ्याचं एकट्याने वागवलेलं ओझं उतरलं असतं. अशा वेळी ओळखायची रीत एकच: सल्ला पाळल्यावर तुमच्या मुख्य पात्राची अडचण वाढते की कमी होते? कमी होत असेल तर नको. बायकोची कथा मी वेगळ्या वहीत टिपून ठेवली आहे, ती कधीतरी लिहीन.

आता कापण्याबद्दल. माझ्या पहिल्या खर्ड्यात मुक्कामी गाडीची पहाट होती. थंडीत गावाच्या पारापाशी उभी गाडी, टपावर दव, ड्रायव्हर बादलीतून इंजिनात पाणी ओततो आहे, कंडक्टर अंथरुणाची वळकटी सीटखाली सारतो आणि पंच दांडीवर दोनदा वाजवून बघतो. चारशे शब्द. काका सोडून बाकी तिघांनाही आवडलेली एकमेव जागा ही. शिवाय तिच्यातच मी पुणे-अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी धावली हेही बसवलं होतं. सालाचा तुकडा काढायला मिनिटही लागलं नाही, तो कंडक्टरच्या डोक्यात असण्याचं कारणच नव्हतं. पहाटेसाठी मात्र आठ दिवस लागले.

'आवडतं ते कापा' हा सल्ला इथे कामाचा नाही. आवडतं म्हणून ठेवायचं नाही तसं आवडतं म्हणून कापायचंही नाही. तो भाग वेगळ्या फाइलमध्ये हलवा आणि ज्याने आधीचा खर्डा वाचलेला नाही अशा माणसाला उरलेली कथा मोठ्याने वाचून दाखवा. तुमचा स्वतःचा आवाज कुठे अडतो याकडे लक्ष द्या. मी भावाला वाचून दाखवली. पहाटेच्या जागी आवाज अडला नाही. पण शेवटाकडे कंडक्टर तिकीट हातात घेतो तिथे अडला, कारण त्याच्या हाताला आधी कसली सवयच उरली नव्हती. म्हणून चारशे शब्दांतलं एकच वाक्य परत आणलं: पंच दांडीवर दोनदा वाजवणं. बाकी गेलं आणि कथा म्हातारीने उलटं करून पुढे धरलेल्या तिकिटापासून सुरू झाली.

शेवट कधीही पहिल्यांदा दुरुस्त करू नका. मधलं सगळं जागेवर बसल्यावर तो बहुतेक वेळा आपसूक सापडतो. माझ्या कथेत आता कंडक्टर तिला पाच रुपयांचं नाणं देतो आणि म्हातारी बटवा उघडून दीड रुपया परत द्यायला शोधू लागते. पन्नास पैशांचं नाणं आता कुणाच्या बटव्यात असतं? ती शोधत राहते, 'राहू दे' म्हणायचं त्याच्या तोंडून निघत नाही. ती काय घेते ते आता दिसतं, त्याला काय वाटतं ते मी लिहिलेलं नाही.

संपादकांच्या अभिप्रायाबद्दल एक गोष्ट. 'सत्यकथा' हे साहित्यिक मासिक १९८२ साली बंद पडलं. त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची लेखकांना आलेली सविस्तर पत्रं अजून आठवणीने सांगितली जातात, त्या पत्रांवरून कथा पुन्हा लिहिल्या गेल्या. आज दिवाळी अंकाच्या संपादकाकडे तेवढा वेळ क्वचितच असतो. तुम्हाला दोन ओळींचा ईमेल येईल: 'आवडली, पण पाचशे शब्द कमी करा.' ते शब्द सगळीकडून थोडे थोडे खरवडू नका, कथा रोडावते. एक अख्खा प्रसंग काढा. आणि प्रसंग काढता येत नसेल, तर तसं कारणासहित कळवा. नम्रपणे आणि नेमकेपणाने लिहिलेलं 'हे काढलं तर अमुक कळणार नाही' संपादक ऐकून घेतात, हा माझा अनुभव आहे. 'माझ्या शब्दाला हात लावू नका' असं कळवलं तर दार बंद होतं.

प्रत्येक खर्डा तारखेच्या नावाने वेगळा ठेवा, जुन्यावर लिहू नका.

शेवटचा खर्डा पुन्हा त्याच चौघांना देऊ नका. ते आपापली सूचना पाळली का, एवढंच शोधत बसतील. ज्याच्या प्रश्नाने कथा हलली त्या एकाला द्या. मी काकांना दिली. त्यांनी ती पायरीवर बसून वाचली, कागद घडी करून परत दिले आणि म्हणाले, "मी पण एकदा दोन रुपये ठेवले होते." मग पाण्याचा तांब्या उचलून आत गेले. त्याच संध्याकाळी मी कथा पाठवून दिली.