पुस्तक आणि वाइन: वाचकमित्रांची बैठक कशी जमवावी

वाचनाची आवड असलेली माणसे एकत्र आली की गप्पा आपोआप रंगतील, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात बहुतेक बैठका ‘अप्रतिम’, ‘प्रत्येकाने वाचायलाच हवे’, ‘मला नाही झेपले’ अशा दोन-चार शेऱ्यांवर येऊन थांबतात आणि विषय मुलांच्या परीक्षांकडे नाहीतर घरांच्या किमतींकडे वळतो. मनात आस्था भरपूर असूनही असे होते, कारण नेमके काय जाणवले ते सांगण्याआधीच आपण निकाल देऊन मोकळे होतो. वाइन चाखण्याची जी रीत आहे, म्हणजे आधी रंग पाहायचा, मग वास घ्यायचा, मग लहानसा घोट जिभेवर फिरवायचा आणि मत सर्वांत शेवटी द्यायचे, ती या घाईवर फार चांगला उपाय ठरते. म्हणून वाचकांच्या बैठकीत वाइन ठेवायचीच असेल, तर ती याच कामासाठी ठेवावी आणि पुढची सगळी मांडामांड त्या बेताने करावी.

माणसे सहा ते आठ असावीत. चारजण असतील तर एकजण गप्प बसताच बैठक लंगडी पडते, आणि दहाच्या वर गेल्यास एकाच खोलीत दोन वेगळ्या गप्पा सुरू होतात. आठ माणसांना दोन बाटल्या पुरतात. एका बाटलीत 750 मिलिलिटर वाइन असते, तेव्हा दोन बाटल्यांतून प्रत्येकाच्या वाट्याला साधारण 185 मिलिलिटर, म्हणजे नेहमीच्या 150 मिलिलिटरच्या पेल्याहून थोडीशी जास्त वाइन येते. एवढ्याने जीभ मोकळी होते आणि वाचलेले डोक्यात शाबूत राहते. तिसरी बाटली उघडली की पुस्तक मिटते, असे माझे ठाम मत आहे.

एक गोष्ट यजमानाने स्वतःला बजावून ठेवावी. पंगतीत जिलबीचा आग्रह करणे ही आपली जुनी आणि गोड रीत आहे. वाइनच्या बाबतीत ती पूर्णपणे बाजूला ठेवावी. कोणी औषधे घेत असते, कोणाला परत गाडी चालवायची असते, कोणाच्या घरात दारूने केलेली वाताहत पाहिलेली असते, आणि कोणाला केवळ नको असते. कारण विचारू नये. न घेणाऱ्यांसाठी ताज्या द्राक्षांचा रस किंवा कमी साखरेचे कोकम सरबत तशाच पेल्यांत आणि तेवढ्याच निगुतीने द्यावे, म्हणजे वास घेण्यात आणि चव सांगण्यात तेही सारख्याच हक्काने भाग घेऊ शकतात. मोटार वाहन कायद्यानुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला तर तो गुन्हा आहे, आणि एकच पेलाही बऱ्याच माणसांना त्या मर्यादेच्या पलीकडे नेऊ शकतो. म्हणून परतीची सोय आमंत्रण देतानाच विचारून घ्यावी. वयाची अट, परवाना आणि कोरडे दिवस (मद्यविक्री बंद असलेले दिवस) यांची चौकशी खरेदीच्या वेळी दुकानातच करावी.

वाइन निवडताना दूर जाण्याची गरज नाही. नाशिक, दिंडोरी, सांगली, अकलूज या भागांत वाइनची द्राक्षे होतात आणि ‘नाशिक व्हॅली वाइन’ला 2010 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. युरोपात द्राक्षांची काढणी ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास होते. आपल्याकडे एप्रिलच्या आसपास खरड छाटणी (नव्या फांद्यांसाठी) आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी (फळासाठी) करून वेलीला हिवाळ्यात फळ धरायला लावतात, आणि जानेवारी ते मार्च या काळात माल उतरतो. बाटलीवरचे साल हे काढणीचे साल असते. साध्या पांढऱ्या वाइनसाठी ते शक्य तितके अलीकडचे पाहावे, कारण तिची सारी मजा ताजेपणात असते आणि ती वर्षानुवर्षे जपून ठेवण्यात काही मिळवणे नाही.

पहिल्या बैठकीसाठी एक पांढरी शेनिन ब्लांक आणि एक लाल शिराझ घ्यावी; ही दोन्ही द्राक्षांच्या वाणांची नावे आहेत. शेनिनमध्ये पिकल्या फळाचा, कधी मधासारखा वास आणि हलकी गोडी असते, त्यामुळे सवय नसलेल्यांनाही ती परकी वाटत नाही. शिराझमध्ये जांभळाची आठवण करून देणारा तुरटपणा आणि काळ्या मिरीचा झणका बऱ्याचदा सापडतो. वर्णन करताना कधी न पाहिलेल्या फळांची नावे घेण्याचा अट्टहास धरू नये. कच्च्या पेरूची साल, ढोबळी मिरची, भिजवलेली चिंच, लाकडी पेटीत ठेवलेले कपडे, असे आपल्या नाकाला ठाऊक असलेले वास आठवावेत. तेच खरे वर्णन, आणि ऐकणाऱ्यालाही ते लगेच पटते किंवा पटत नाही. गप्पांना सुरुवात तिथूनच होते.

तापमानाकडे मात्र लक्ष हवे. पांढरी वाइन 8 ते 10 अंशांना आणि लाल 16 ते 18 अंशांना चांगली लागते. लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी हा सल्ला थंड देशांतला आहे. आपल्याकडची खोली एप्रिलमध्ये 32 अंशांवर असते आणि तिथे ठेवलेली शिराझ केवळ मद्यार्काचा भपका देते. तिला अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे. उलट, फ्रिजमधून काढलेली पांढरी दहा-पंधरा मिनिटे बाहेर राहू द्यावी, कारण फार गार वाइनला वासच येत नाही. पेले काचेचे, स्वच्छ आणि साबणाचा वास नसलेले असले की पुरे.

आता पुस्तक. दीडशे-दोनशे पानांचे, सगळ्यांना महिनाभरात मिळेल असे आणि ज्यावर दोन प्रामाणिक मते होऊ शकतात असे पुस्तक निवडावे. नव्या प्रती महाग वाटत असतील तर सार्वजनिक ग्रंथालयांचा उपयोग करावा. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 पासूनचे आहे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासूनचे, आणि अशा संस्थांच्या कपाटांत दुकानांतून दिसेनाशी झालेली पुस्तके हमखास हाती लागतात. एकाच पुस्तकाच्या आठ प्रती मिळणे अवघड असते. म्हणून नाटक, दीर्घ कथा किंवा कवितासंग्रह असा प्रकार सोयीचा पडतो, कारण तो आलटून पालटून चटकन वाचून होतो.

वाइन समोर ठेवून मराठीत बोलायचे असेल, तर ‘एकच प्याला’पासून सुरुवात करावी असे मला मनापासून वाटते. गडकऱ्यांचे हे नाटक त्यांच्या निधनानंतर 1919 मध्ये रंगभूमीवर आले आणि दारूविषयी मराठी घरांत आजही जी भीती आहे, ती बोलून दाखवण्याचे शब्द बऱ्याच अंशी त्यानेच पुरवले. ते टाळून वाइनची बैठक भरवण्यापेक्षा ते मध्ये ठेवून बोलणे अधिक सच्चेपणाचे. त्यातल्या एकाच प्रश्नावर तासभर बोलता येते. वकिलीची सनद तात्पुरती गेल्याने दुखावलेल्या नायक सुधाकरासमोर मद्यपी तळीराम पहिला पेला ठेवतो. तर मग त्याचा नाश तळीराम करतो, दारू करते, की अपमान गिळू न शकणारा त्याचा स्वतःचा मानी स्वभाव करतो? सुधाकराची पत्नी सिंधू हिची सहनशीलता हा तिचा मोठेपणा मानायचा की तीही त्या नाशाला हातभार लावते? या प्रश्नांवर आठ माणसांचे एकमत होणे जवळजवळ अशक्य आहे, आणि प्रत्येकाला आपल्या म्हणण्यासाठी प्रवेश आणि पान दाखवावे लागते.

दुसरा उत्तम पर्याय माधव जूलियनांच्या भाषांतरांचा. फारसीचे जाणकार असलेल्या या कवीने उमर खय्यामच्या रुबाया (चार ओळींच्या कविता) मूळ फारसीवरून मराठीत आणून 1929 मध्ये प्रसिद्ध केल्या आणि 1931 मध्ये फिट्झजेरल्डच्या इंग्रजी रूपांतरावरून ‘द्राक्षकन्या’ दिली. एकच कवी, एकच भाषांतरकार, पण वाटा दोन. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून सारख्या वाटणाऱ्या रुबाया शोधाव्यात, आधी एक मोठ्याने वाचावी, मग दुसरी, आणि कुठे शब्द बदलला, कुठे सूर बदलला, ते बोलावे. त्याच संध्याकाळी एकाच द्राक्षाच्या, पण दोन वेगवेगळ्या वायनरींच्या बाटल्या घेतल्या तर कान आणि जीभ एकाच कामाला लागतात.

संध्याकाळचा क्रम असा ठेवावा. माणसे आली की पाणी आणि थोडे खाणे द्यावे, वाइन नाही. पहिली वीस मिनिटे अभिवाचनाची: आधी ठरवलेल्या दोघांनी पुस्तकातले एकेक पान मोठ्याने वाचावे. मोठ्याने वाचल्यावर वाक्याची चाल कळते, आणि ज्यांचे पुस्तक अर्धेच वाचून झाले आहे तेही बैठकीत येतात. त्यानंतर पहिली बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून आणावी आणि प्रत्येकाच्या पेल्यात फक्त दोन-तीन घोट ओतावेत. नाव, साल, किंमत यांपैकी काही सांगू नये. प्रत्येकाने आळीपाळीने एकच गोष्ट सांगावी: मला काय जाणवले. ‘छान आहे’ आणि ‘आवडली नाही’ ही दोन्ही उत्तरे या फेरीत बंद. सगळ्यांचे सांगून झाले की कागद काढावा. आठशे रुपयांची वाइन अडीच हजारांची समजून प्यायलेल्या माणसाचा चेहरा पाहण्यासाठी हे करायचे नाही. किंमत आणि नाव आपल्या जिभेवर किती अंमल चालवतात, ते सगळ्यांनी मिळून अनुभवण्यासाठी करायचे.

लगेच तीच रीत पुस्तकाला लावावी. यजमानाने एखाद्या दुसऱ्याच पुस्तकातला परिच्छेद लेखकाचे नाव न सांगता वाचून दाखवावा आणि हीच फेरी पुन्हा घ्यावी. मोठे नाव माहीत नसले की माणसे वाक्यांकडे पाहू लागतात. कोणाला एखादे क्रियापद खटकते, कोणाला संवादातली बोली कुठल्या भागातली आहे ते ओळखू येते, कोणाला लेखक वर्णन लांबवतो आहे असे वाटते. या दोन फेऱ्यांनी बैठकीची वाणी बदलते आणि मग मुख्य पुस्तकाकडे वळावे.

मुख्य चर्चेत ‘पुस्तक कसे वाटले?’ असे विचारू नये. ‘कुठल्या पानावर थांबलात?’ असे विचारावे. येताना प्रत्येकाने पेन्सिलीने खुणा केलेली दोन पाने आणायची: एक जिथे थांबावेसे वाटले ते, आणि एक जिथे पुस्तक हातातून ठेवून दिले ते. दुसरे पान पहिल्याहून उपयोगी असते. वाद झाला तर झगडणाऱ्या दोघांनी पान उघडावे आणि वाचावे. आठवणीवर भांडू नये, कारण आठवणीतले पुस्तक आणि छापलेले पुस्तक यांत बरेच अंतर पडलेले असते. शेवट उघड करायचा की नाही, हा प्रश्न आमंत्रणातच मिटवावा. शेवटाशिवाय कादंबरीवर बोलणे म्हणजे अर्धेच बोलणे, म्हणून न वाचलेल्यांनी ती जोखीम पत्करून यावे.

आवडत्या पुस्तकावर बोलणे सर्वांत कठीण, आणि इथे एक नियम कटाक्षाने पाळावा: ज्याचे ते लाडके पुस्तक आहे, त्याने शेवटी बोलावे. तो आधी बोलला तर बाकीचे त्याचे मन राखतात आणि खरे बोलणे गाडले जाते. तो गप्प राहिला की इतरांना त्या पुस्तकातले कंटाळवाणे प्रकरणही दिसते आणि न सुचलेले सौंदर्यही दिसते. त्याची पाळी आल्यावर त्याने बचाव करू नये. हे पुस्तक कुठल्या वयात, कुठे, कशासाठी हाती आले, आणि आज पुन्हा वाचताना त्यातले काय टिकले व काय गळाले, एवढेच सांगावे. माझ्या अनुभवात बैठकीतला सर्वांत मोलाचा वेळ हाच असतो, म्हणून त्याला घाई करू नये. दुसरी बाटली या सुमारास उघडावी. पहिल्या पेल्यातले दोन घोट मुद्दाम शिल्लक ठेवायला सांगावे, कारण तासाभरात थोडी कोमट झालेली शेनिन वेगळीच लागते. सुरुवातीला लपलेला फळांचा वास आता वर येतो आणि गोडी थोडी जड वाटू लागते.

खाण्याचे थोडक्यात. झणझणीत मिसळ किंवा लाल रस्सा या बैठकीत नको, कारण तिखटाबरोबर लाल वाइनचा तुरटपणा आणि मद्यार्क दोन्ही जिभेला अधिक झोंबतात. लोणचेही वाइनला मारते. खारे शेंगदाणे, चकली, पनीरचे तुकडे, अळूवडी, कमी तिखटाचे कबाब हे चालतात. कांदाभजी करायचीच असेल तर पांढऱ्या वाइनचा आंबटपणा तेलकटपणा कापतो. बोटांना तेल लागेल अशा पदार्थांबरोबर कागदी रुमाल भरपूर ठेवावेत, विशेषतः पुस्तके ग्रंथालयाची असतील तर. गोड पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन आंबट लागते. तेव्हा पुरणपोळी किंवा श्रीखंड वाइन संपल्यावर वाढावे.

उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस चांगली राहते, लाल असली तरी फ्रिजमध्येच ठेवावी. एका वहीत पुस्तकाचे नाव, आवृत्ती, चर्चेत आलेली पाने, वाइनचे नाव आणि साल यांची नोंद करण्याचे काम दर वेळी वेगळ्या माणसाकडे द्यावे. पुढची तारीख आणि पुढचे पुस्तक उठण्यापूर्वीच ठरवावे, आणि पुस्तक सुचवणाऱ्याने ते निदान एका ग्रंथालयात उपलब्ध आहे याची खात्री दुसऱ्या दिवशी करून सगळ्यांना कळवावे.