न्यूजग्रुपवरचा फोटो उघडेना? आधी पहिली ओळ वाचा

न्यूजग्रुपवरून फोटोऐवजी अक्षरांचा काला उतरला की बहुतेक जण व्ह्यूअर बदलून पाहतात. दोष व्ह्यूअरचा नसतो. यूजनेट, म्हणजे हे न्यूजग्रुप ज्या जाळ्यावर चालतात ते, मुळात मजकुरासाठी बनलेलं, म्हणून चित्र पाठवणारा ते आधी अक्षरांत बदलतो आणि मोठं असेल तर त्याचे तुकडे करतो. ते परत चित्रात आणायचं काम डिकोडरचं. कोणता डिकोडर घ्यायचा, हे फाइलची पहिली ओळ सांगते.

सेव्ह केलेला लेख (ग्रुपवरची पोस्ट) नोटपॅडमध्ये उघडा. ‘बिगिन ६४४’ आणि पुढे फाइलचं नाव दिसलं, खालची जवळजवळ प्रत्येक ओळ मोठ्या ‘एम’ने सुरू होत असेल, तर ते यूयूएनकोड. हा १९८० सालचा जुना प्रकार. ‘एम’ म्हणजे ‘या ओळीत ४५ बाइट आहेत’. वरच्या हेडरमध्ये ‘बेस६४’ लिहिलेलं असेल आणि मजकूर स्लॅश, ९, लहान ‘जे’, स्लॅश असा सुरू होत असेल, तर आत जेपेग आहे. आणि बरोबरच्या (=) चिन्हाला चिकटून ‘वायबिगिन’ दिसलं तर वायएन्क. हा २००१ मध्ये आला. तो प्रत्येक बाइटमध्ये ४२ मिळवतो आणि मोजक्याच चिन्हांना एक जादा बाइट लावतो. त्यामुळे दहा लाख बाइटचा फोटो यूयूएनकोडमध्ये पावणेचौदा लाखांवर जातो, तर वायएन्कमध्ये सव्वादहा-साडेदहा लाखांतच बसतो. बायनरी (म्हणजे फोटो-फाइलींच्या) ग्रुपांवर आता बहुतेक हाच सापडतो.

नोटपॅडमध्ये नुसतं पाहा, सेव्ह करू नका. यूयूएनकोड आणि बेस६४ साध्या अक्षरांचे असल्याने कॉपी-पेस्ट करून चालतं. तरी यूयूएनकोडमध्ये शून्यासाठी काही प्रोग्राम मोकळी जागा वापरतात, आणि ओळीच्या शेवटची ती जागा एखादा एडिटर छाटून टाकतो. वायएन्क मात्र आठही बिट वापरतो. एकदा यूटीएफ-८ मध्ये सेव्ह झाला की बाइट बदलतात आणि फोटो गेलाच समजा.

आता सॉफ्टवेअर. थेट सर्व्हरवरून पाहायचं असेल तर पॅन हा न्यूजग्रुप वाचायचा प्रोग्राम घ्या. फुकट आहे, लिनक्सवर सहज मिळतो, विंडोजवरही चालतो. वायएन्क आणि यूयूएनकोड दोन्ही उलगडतो, तुकडे स्वतः जोडतो, आणि लेखाचे सगळे भाग आलेत की नाही ते यादीतल्या खुणेवरून कळतं. थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम मजकूर वाचायला छान, पण सात भागांत पाठवलेला फोटो जोडायला त्याच्या भरवशावर राहू नका. एनझेडबी फाइल (कोणते तुकडे उतरवायचे त्याची यादी) हातात असेल आणि माल मोठा असेल तर सॅबएनझेडबी. तो जोडणं, दुरुस्ती, अनझिप सगळं करतो, पण ग्रुप चाळायला त्याचा उपयोग नाही.

नागपूरच्या बर्डीवरून जुनी हार्डडिस्क नव्या डब्यात घालून आणली आणि तिच्यात जुने सेव्ह केलेले लेख सापडले, असं असेल तर यूयूडीव्ह्यू हा डिकोडर. उबुंटूवर ॲप्टमधून बसतो. सगळे लेख एका फोल्डरात ठेवून एकदमच द्या. ‘आय’ स्विच लावला की प्रत्येक फाइलला हो-नाही विचारत बसत नाही, ‘पी’ स्विचने चित्रं कुठे ठेवायची ते सांगता येतं. कोणता भाग कितवा, हे तो विषयाच्या ओळीतल्या ‘३/७’वरून ओळखतो. म्हणून लेख सेव्ह करताना ‘सब्जेक्ट’ची ओळ कधीच काढू नका. एकाच भागाचा यूयूएनकोड असेल तर विनरारही तो उघडतो, त्यासाठी वेगळं काही नको.

निवडताना माझ्या मते एकच कसोटी मोठी: तुकडा कमी असेल तर प्रोग्राम ओरडतो का? कळमन्याच्या बाजारात माल उतरवताना आधी पेट्या मोजतात, मग फोडतात. वायएन्कच्या शेवटच्या ‘वायएंड’ ओळीत आकार आणि बहुधा सीआरसी (फाइल शाबूत आहे का ते तपासायचा आकडा) असतो. चांगला डिकोडर तो जुळवून चूक दाखवतो. जो गुपचूप अर्धी फाइल ठेवून मोकळा होतो, तो वापरू नका. समजा नागपूरच्या झीरो माइलच्या खांबाचा फोटो सात भागांत आला. सातवा भाग नसेल तर वरचा भाग नीट आणि खालचा पट्टा राखाडी दिसतो. चौथा नसेल तर तिथून पुढे रंग बिघडतात, चित्र बाजूला सरकतं. प्रोग्रेसिव्ह (आधी धूसर, मग हळूहळू स्पष्ट होणारा) जेपेग असेल तर पट्टा दिसत नाही, अख्खा फोटो धुरकट राहतो, आणि लोक कॅमेऱ्याला नावं ठेवतात.

तुकडा हरवला असेल तर आधी दुसऱ्या सर्व्हरवर शोधा. इटर्नल सप्टेंबरसारख्या फुकट सर्व्हरवर बायनरी मिळतच नाहीत, हे लक्षात असू द्या. सोबत पार२ फाइली (हरवलेले तुकडे भरून काढणाऱ्या) असतील तर विंडोजवर मल्टीपार वापरा. नावात ‘वॉल०३+०४’ असेल तर त्यात चार ब्लॉक आहेत. जितके ब्लॉक बिघडले तितकेच लागतात, म्हणून सगळ्या पार२ फाइली उतरवत बसू नका.

मराठी नावांची एक वेगळीच कटकट. ‘फुटाळा’ असं नाव दिलेली फाइल जुन्या डिकोडरमधून डोक्यावर टिंबं-रेघा घेतलेल्या रोमन अक्षरांची होऊन बाहेर येते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि तो प्रोग्राम तीन वेगळी अक्षरं समजतो. आतलं चित्र शाबूत असतं, नुसतं नाव बदला.

पाहायला विंडोजवर इरफानव्ह्यू, लिनक्स किंवा मॅकवर एक्सएनव्ह्यू एमपी. इरफानव्ह्यूचा फायदा असा, की आत पीएनजी आणि नावात जेपीजी असेल तर तो सांगतो आणि नाव बदलू का विचारतो. विंडोजमध्ये फाइलींची एक्स्टेंशनं दिसतील असं सेटिंग मात्र उघडण्याआधीच करा. ‘फोटो.जेपीजी.ईएक्सई’ नावातलं शेवटचं शेपूट विंडोज लपवतो, आणि त्यावर डबल-क्लिक केलं की फोटो नाही, प्रोग्राम चालू होतो.