मॅन्युअल हब बसवताना सर्क्लिपची युक्ती

जीपचे ऑटो लॉकिंग हब (पुढचं चाक शाफ्टला आपोआप जोडणारा भाग) काढून मॅन्युअल, म्हणजे हाताने डायल फिरवून लॉक करायचे, बसवताय? विकत घेण्याआधी शाफ्टचे स्प्लाइन (टोकावरचे लांबट दाते) मोजा, नाहीतर दुकानाची दुसरी फेरी ठरलेली. खरा वैताग सर्क्लिपचा, म्हणजे शाफ्टच्या खाचेत बसणाऱ्या उघड्या कडीचा. शाफ्ट आत सरकलेला असतो, त्यामुळे खाच दिसतच नाही. टोकाला बहुधा आट्यांचं भोक असतं. त्यात बोल्ट फिरवून शाफ्ट बाहेर ओढून धरा, क्लिप टक्कन बसते. ग्रीस बोटाने पुसल्यासारखं पातळच लावा. ठासून भरलं की डायल जड होतो, लॉक अर्धवट लागतं. झाकण लावताना डायल ‘फ्री’वर हवा. मग गिअर टू-व्हील ड्राइव्हमध्ये ठेवून चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवा: ‘फ्री’त शाफ्ट स्थिर, ‘लॉक’मध्ये चाकासोबत फिरायला हवा. दुसऱ्या बाजूलाही तेच.