ब्रिस्टलचा व्यापारी महापौरपदापर्यंत कसा पोहोचला, याचा माग कसा काढावा

सोळाव्या-सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये एखादा व्यापारी नगराच्या कारभारात वर कसा चढला, हे शोधताना महापौरांच्या यादीपासून सुरुवात करू नये. त्या यादीत केवळ अखेरची पायरी दिसते. खरी चढण त्याआधीच्या कागदांत असते. इंग्लंडच्या पश्चिमेकडील ब्रिस्टल या बंदराच्या शहरातला व्यापारी जॉन व्हिटसन १६०३ आणि १६१५ मध्ये महापौर झाला, त्याचेच उदाहरण येथे घेऊ.

प्रथम उमेदवारीच्या, म्हणजे मालकाकडे राहून धंदा शिकणाऱ्या मुलांच्या, नोंदवह्या पाहाव्यात. ब्रिस्टलच्या अशा नोंदी १५३२ पासून मिळतात आणि त्यांत मुलाच्या वडिलांचे नाव, गाव व व्यवसाय यांबरोबर मालकाचे व त्याच्या पत्नीचेही नाव असते. पत्नीचे नाव घाईत सोडून देऊ नये, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. ग्लॉस्टरशरमधील क्लिअरवेलहून आलेला व्हिटसन निकोलस कट या व्यापाऱ्याकडे उमेदवार होता आणि मालकाच्या मृत्यूनंतर त्याने त्याच्या विधवेशी, ब्रिजेटशी, विवाह केला. चालता व्यापार, भांडवल आणि ओळखीपाळखी एकाच वेळी हाती येण्याचा हा मार्ग होता. म्हणून विवाहनोंदी हिशेबवह्यांइतक्याच बारकाईने वाचाव्यात.

त्यानंतर नगराच्या हक्कदार रहिवाशांची वही पाहावी, कारण हा नागरिकत्वाचा हक्क असल्याशिवाय नगरात पद मिळत नसे. तो उमेदवारी पूर्ण करून, वारशाने, पैसे भरून किंवा हक्कदाराच्या मुलीशी अथवा विधवेशी विवाह करून मिळे.

व्यापाराचा आवाका जोखण्यासाठी १५६५ पासून ठेवलेल्या बंदरांच्या जकातवह्या उपयोगी पडतात. जहाज, व्यापारी आणि माल यांची नोंद त्यांत असते. मात्र अनेक वह्या गहाळ आहेत आणि चोरटा माल त्यांत येत नाही, म्हणून त्यांवरून काढलेली बेरीज किमान समजावी.

पदांचा क्रम लावताना तारखांची सर्वाधिक काळजी घ्यावी. नगरसभा आपले नवे सदस्य स्वतःच निवडत असे. त्यांतून शेरीफ, म्हणजे कायद्याची अंमलबजावणी पाहणारा अधिकारी, आणि पुढे महापौर निवडला जाई. महापौराचे वर्ष सप्टेंबरअखेरच्या मायकेलमस सणाला सुरू होई, तर इंग्लंडमध्ये सरकारी वर्ष १७५२ च्या सुधारणेपर्यंत २५ मार्चला बदले. त्यामुळे व्हिटसनची १६०३ ची कारकीर्द १६०४ च्या सप्टेंबरपर्यंत चालते आणि मूळ कागदावरचा ‘फेब्रुवारी १६०३’ आपल्या गणनेने १६०४ मधला ठरतो. टिपणांत दोन्ही वर्षे लिहून ठेवावीत.

शेवटी मृत्युपत्र वाचावे. कँटरबरीच्या आर्चबिशपच्या न्यायालयात सिद्ध झालेली, म्हणजे वैध ठरलेली, मृत्युपत्रे आज लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय दप्तरात आहेत. व्हिटसन १६२९ मध्ये मरण पावला आणि त्याच्या मृत्युपत्रातील देणगीतून १६३४ मध्ये मुलींची शाळा उभी राहिली. तिच्या विद्यार्थिनींना लाल कापडाचा पोशाख द्यावा, असे त्याने लिहून ठेवले होते. अशा देणग्यांची नोंद करताना कोणती मालमत्ता दिली आणि तिची देखरेख कोणावर सोपवली, हे वेगळे टिपावे, कारण नगरसभेतील त्याचे विश्वासू सहकारी बहुधा त्याच नावांत सापडतात.