कापूस वेचता वेचता सालं पाठ

नेट-सेटच्या (प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षांच्या) मराठी पेपरात ग्रंथांचा कालानुक्रम विचारतात, अन् वेचणीच्या दिवसांत पुस्तक घेऊन बसायला सवड कुठली? मोबाईलवर स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड करा. ‘यमुनापर्यटन?’ म्हणायचं, पाचेक सेकंद गप्प राहायचं, मग ‘बाबा पदमनजी, 1857’. पुढे ‘मोचनगड?’, पुन्हा गप्प, मग ‘गुंजीकर, 1871’. खरं काम त्या गप्प वेळात होतं. हात बोंडात असताना उत्तर आपण पुटपुटायचं. बाजूच्या ओळीतल्या बाया हसतील, हसू द्या.

प्रत्येक ग्रंथाची फाइल वेगळी ठेवा आणि प्लेअर शफलवर टाका, नाहीतर नुसता रेकॉर्डिंगचा क्रम पाठ होतो.

इयरफोन मात्र एकाच कानात. तुरीच्या ओळीत रानडुक्कर खसफसलं तर ऐकू यायला हवं.